उशी टाचेखाली

प्रिय पोरा,

तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. भिंतीला टेकवलेल्या कुबड्या, उशाशी पुस्तकं, आणि दुखऱ्या गुडघ्याखाली एकावर एक दोन उशा. खाली तू विचारलंयस की एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या अस्थिबंधाच्या, ऑपरेशनला 18 दिवस झाले, टाके निघाले, तरी पाय सरळ होत नाही, तर हे सेमिस्टर सोडून द्यावं का. सेमिस्टरचं नंतर बघू. आधी त्या उशा काढ.

उशी टाचेखाली. गुडघ्याखाली कधीच नाही.

त्या आईने ठेवल्यात हे सांगायची गरज नाही. सुजलेल्या गुडघ्यात पाणी साठतं. गुडघा 30 अंशांच्या आसपास वाकवला की सांध्याभोवतीच्या पिशवीत आत जास्त जागा होते, ताण उतरतो, तुझा चेहरा सैल पडतो. आईला तेवढंच दिसतं. मग उशी रात्रभर तिथंच राहते, आणि गुडघ्यामागचे पडदे त्याच मापात आखडत जातात. पुढच्या बाजूला ग्राफ्टजवळ, म्हणजे तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवलेल्या नव्या दोरीजवळ, व्रण भरत असतो. गुडघा सरळ जातच नसेल तर त्या रिकाम्या जागेत गाठ धरू शकते. मग दाराच्या फटीत खडा अडकावा तसा शेवटचा थोडा भाग बंद होत नाही, आणि ती गाठ काढायला दुर्बीण परत आत घालावी लागते.

वाकण्याची एवढी घाई नाही. 90 अंश आज झाले काय आणि आठवड्याने झाले काय. सरळ होणं मात्र उशिरा सहज मिळत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत यायला हवं ते तुझं राहिलंय, म्हणून हे पत्र जरा चढ्या आवाजात आहे.

आता कर काय, ते ऐक. पाठीवर झोप. टॉवेलची घट्ट गुंडाळी कर, मनगटाएवढी जाड, आणि ती घोट्याच्या खाली, टाचेला लागून ठेव. पोटरी आणि गुडघा दोन्ही अधांतरी राहिले पाहिजेत. गुडघ्याची वाटी छताकडे. पाय बाहेरच्या बाजूला कलंडला तर गुडघा गुपचूप वाकतो आणि तुला वाटतं व्यायाम चाललाय. 10 मिनिटं तसंच पडून राहा, दिवसातून चार वेळा. मागे ओढ लागेल, ती लागायलाच हवी. कुणीही वरून हाताने दाबायचं नाही, बाबांनी तर अजिबात नाही. पायाचं स्वतःचं वजन पुरे आहे.

त्याच स्थितीत मांडी आवळ. गुडघ्याची मागची बाजू पलंगाकडे ढकलायची, वाटी मांडीकडे वर सरकली पाहिजे, 5 सेकंद धरायचं, सोडायचं. 10 वेळा. पहिल्या दिवशी मांडी ऐकतच नाही. सांध्यात पाणी असलं की मांडीच्या स्नायूला मिळणारा हुकूम मध्येच दाबला जातो, त्यात तुझा आळस नाही. म्हणून व्यायामानंतर बर्फ, ओल्या पंचात गुंडाळून 15 मिनिटं. उघड्या कातडीवर बर्फ ठेवलास तर चट्टा उठेल. गुडघा न वाकता आख्खा पाय पलंगावरून उचलता आला की मांडी शुद्धीवर आली असं समज.

बाबांना एक काम दे. ते घरभर येरझाऱ्या घालतात असं तू लिहिलंयस. बाप मोकळा राहिला की डॉक्टर बदलायचा विचार करतो. रोज सकाळी तू पालथा झोप, दोन्ही मांड्या पलंगावर, गुडघ्यापासून खाली पाय काठाबाहेर. पावलं सैल सोड. दुखऱ्या पायाची टाच चांगल्या पायाच्या टाचेपेक्षा वर राहील. दोन्हींच्या उंचीतला फरक बाबांनी पट्टीने मोजायचा आणि कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. 1 सेंटीमीटर म्हणजे साधारण 1 अंश. 5 चा 4 झालेला दिसला की त्यांचाही जीव खाली बसेल. आकडा आठवडाभर हललाच नाही, तर ते कॅलेंडर घेऊन ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे जायचं. "बरं वाटत नाही" एवढं सांगितलं तर पाच मिनिटांत बाहेर याल.

आणखी एक. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, सूचनांचा कानडीत, आणि घरी तो वाचणार बाबा, जे मराठी शाळेत शिकले. तू स्वतः बसून तो मराठीत उतरव. मेनिस्कसही, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, शिवलाय का, हे त्यात बघ. शिवला असेल तर वजन किती टाकायचं आणि किती वाकवायचं हे त्या कागदाप्रमाणेच, माझं ऐकायचं नाही. टाचेखालची उशी तेवढी माझी.

आईशी भांडू नको. "दुखूलंय तर ऱ्हाऊ दे की" असं म्हणणारी बाई तुझं वाईट करत नाही. पण रात्री झोपताना उशा कपाटात टाक आणि किल्ली तिलाच दे. मालीशही बंद. खानापूरकडून कुणी तेल पाठवलं असेल तर ते राहू दे बाटलीत. ऑपरेशननंतर पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते. पोटरी एका बाजूचीच सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर चोळायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर त्याच क्षणी. ताप, टाक्यांच्या जागेतून पाणी, हेही दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. भेटायला येणारे कुंदा आणतात, तो खा, पण दोन अंडी आणि वाटीभर उसळ आधी.

मी कडक बोलतो असं तुझी आई म्हणाली असेल. म्हणू दे. गोड बोलून दुसऱ्याच्या घरातून चहा पिऊन निघणं सोपं असतं. जिथे मी तसं केलं ते गुडघे अजून वाकडेच चालतात. त्यामुळे या एका बाबतीत मी ऐकून घेत नाही, आणि मला ते चुकीचं वाटत नाही.

कुबड्यांचं थोडक्यात. वरची गादी काखेखाली दोन-तीन बोटं राहावी, भार तळहातांवर. काखेवर लटकलास तर नस दाबून हात लुळा पडतो. चालताना दुखऱ्या पायाची टाच आधी टेकव. चवड्यावर चाललास की गुडघा वाकडाच राहतो, म्हणजे दिवसभर अदृश्य उशी घेऊन फिरणं झालं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. खालचे रबर झिजलेत का बघ. बेळगावच्या पावसात आणि शहाबादी फरशीवर त्या रबरांवरच सगळं आहे. न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची ठेव, समोर बादली पालथी, तिच्यावर टाच. बाबांनी पाठ चोळली तर विसाव्या वर्षी लाज वाटते, कबूल. पडून ग्राफ्ट तुटला तर जास्त वाटेल.

आता सेमिस्टर. सोडू नको. गुडघा बसून अभ्यास करायच्या आड येत नाही. वैद्यकीय दाखला आणि हजेरीचा अर्ज या आठवड्यात दे, बरा होऊन परत गेल्यावर नाही. परीक्षेसाठी तळमजल्यावरची खोली आणि समोर एक जादा खुर्ची लेखी माग. ती खुर्ची कशासाठी, हे आता तुला सांगायला नको. तीन तास पाय खाली लोंबता ठेवलास तर संध्याकाळी गुडघा नारळाएवढा होईल.

गणपतीपर्यंत तुझे दहाएक आठवडे होतील. तेव्हा दुखणार नाही, सूज नसेल, आणि नेमका त्याच काळात, साधारण 6 ते 12 आठवड्यांत, ग्राफ्ट सर्वांत कच्चा असतो. मिरवणूक कट्ट्यावर बसून बघ. लेले मैदानावर बूट घालून खेळायला उतरायचा विषय 9 महिन्यांच्या आत काढू नको. मित्र काय म्हणतात ते मला कळवू नको.

उद्या सकाळचा आकडा कळव. आणि नवा फोटो पाठव, टाचेचा.

तुझा,
काका