मुक्त विद्यापीठाच्या शुल्कावर आयकरात वजावट मिळते का?

आपण स्वतः नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून एमबीए करत आहात, मुलगी दूरशिक्षणाने बी.कॉम. करत आहे, आणि दोघांच्या शुल्काच्या पावत्या कार्यालयात दिल्यास कर वाचेल का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की, शुल्कावर दोघांच्याही बाबतीत वजावट मागू नये. मात्र त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढले असेल, तर त्याच्या व्याजावर ती मागता येते.

आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०सी खाली शिक्षण शुल्काची वजावट भविष्य निर्वाह निधी, विम्याचा हप्ता वगैरेंसह दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत मिळते, परंतु ती फक्त करदात्याच्या दोन अपत्यांच्या, भारतातील संस्थेत चाललेल्या पूर्णवेळ शिक्षणासाठी. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या शुल्काला तिथे जागाच नाही, त्यामुळे आपल्या एमबीएचा प्रश्न तिथेच संपतो. मुलीच्या बाबतीत अडते ते ‘पूर्णवेळ’ या शब्दापाशी, कारण पगारावरील करकपातीच्या परिपत्रकांतही विद्यार्थी त्या अभ्यासक्रमाला पूर्णवेळ दाखल असावा, असेच म्हटले आहे. त्याच परिपत्रकांनी खेळशाळा आणि बालवाडीलासुद्धा पूर्णवेळ शिक्षणात धरले आहे, आणि दिवसा दुकानात काम करून रात्री अभ्यास करणारी मुलगी मात्र बाहेर राहते. हे मला मनापासून अन्यायाचे वाटते, पण विवरणपत्र आजच्या तरतुदीप्रमाणेच भरावे लागते. मी नोकरीत असताना मुक्त विद्यापीठातून एम.ए. केले, तेव्हा माझ्या पावतीवर ‘शिक्षण शुल्क’ अशी स्वतंत्र ओळ पाहून लेखा विभागाने आधी ती मान्य केली, फेब्रुवारीत परत केली आणि सगळा फरक मार्चच्या एकाच पगारातून कापून घेतला.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर वजावट देणाऱ्या कलम ८०ई चे तसे नाही. तिथेही पूर्वी अभियांत्रिकी, वैद्यक, व्यवस्थापन अशा ठरावीक विषयांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमांनाच मान्यता होती. २००९ च्या वित्त अधिनियमाने ती व्याख्या बदलली, आणि आता मान्यताप्राप्त मंडळाची बारावी किंवा समकक्ष परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरचा कोणताही अभ्यासक्रम त्यात बसतो. ‘पूर्णवेळ’ हा शब्द या व्याख्येत उरलेला नाही, म्हणूनच दूरशिक्षणाला ही वाट मोकळी आहे असे मी मानतो. कर्ज स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा अपत्याच्या शिक्षणासाठी चालते. ज्या वर्षी व्याज भरायला सुरुवात होते ते वर्ष आणि पुढची सात, इतकी वर्षे त्या त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेले सगळे व्याज वजा होते; त्याला रकमेची मर्यादा नाही, मुद्दल मात्र धरले जात नाही. समजा, वर्षभरात २१,००० रुपये व्याज भरले आणि ती सगळी रक्कम २० टक्क्यांच्या टप्प्यात येत असेल, तर उपकरासह ४,३६८ रुपये कर कमी होतो.

कर्ज कोणाचे आहे, हे नीट तपासावे. ते बँकेचे, केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तीय संस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे हवे. मेहुण्याकडून वा मालकाकडून घेतलेले उसने पैसे चालत नाहीत. प्रवेशाच्या वेळी ‘सुलभ हप्त्यां’च्या नावाखाली जे कर्ज गळ्यात मारले जाते, ते देणारी कंपनी अधिसूचित आहे का, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

या दोन्ही वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू असल्यामुळे जुनी हवी असल्यास ती मुदतीत भरलेल्या विवरणपत्रात निवडावी लागते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला ही निवड दरवर्षी नव्याने करता येते, म्हणून दोन्ही प्रणालींतला कर आधी मांडून पाहावा, कारण केवळ काही हजारांच्या व्याजासाठी जुन्या प्रणालीत जाणे बहुधा तोट्याचे ठरते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर अधिनियम, २०२५ लागू होतो; त्यात ८०सी च्या जागी कलम १२३ आणि ८०ई च्या जागी कलम १२९ आहे. बँकेकडून मुद्दल आणि व्याज वेगवेगळे दाखवणारा दाखला मार्चअखेर मागून घ्या, आणि कर्ज मुलीच्या एकटीच्या नावावर असेल, तर हप्ते आपण भरले तरी वजावट आपल्याला मिळत नाही, हे अर्ज करतानाच लक्षात घ्या.