शेवरोलेचं इंजिन टाकलेली १९३२ ची फोर्ड रोडस्टर ४२ हजार डॉलरला घ्यावी का? मिस्टर म्हणतात, ही विंटेजच नव्हे.

तुमच्या मिस्टरांची आणि माझ्या दादाची गाठ घालून द्यायला हवी.

दादा कोल्हापूरचा. इकडे आला होता तेव्हा हौसेने त्याला कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात नेलं. तिथे तुम्ही म्हणताय तशीच एक काळी ड्यूस, म्हणजे ३२ ची फोर्ड, उभी होती. मडगार्ड काढलेली, बॉनेट उघडं, आत शेवरोलेचं ३५० इंजिन चकचकीत. दादाने हात मागे बांधून एक फेरी मारली आणि मालकासमोरच म्हणाला, "फोर्डच्या पोटात शेवरोले? बाटवली की रे गाडी!" नशीब, मराठीत. मालकाला वाटलं कौतुक चाललंय, त्याने बिचाऱ्याने दार उघडून आत बसायला सांगितलं. दादा बसला नाही.

आणि हा कोण? ज्याने उद्यमनगरात विलीस जीपचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं. माउंटिंगच्या पट्ट्या वेल्डिंगला मीच धरल्या होत्या, डोळ्याला काही न लावता. रात्रभर डोळ्यांत वाळू. त्या जीपला तो आजही 'आपली ओरिजिनल विलीस' म्हणतो. त्याने केलं की डोकं, दुसऱ्याने केलं की पाप.

मिस्टरांना सांगा, ३२ ची व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची फोर्ड, कारखान्यातून निघाली तेव्हा तिची ताकद ६५ हॉर्सपॉवर होती आणि ब्रेक सळ्यांवर चालायचे. फोर्डने स्वतः १९३९ ला हायड्रॉलिक ब्रेक दिले, आणि पोरांनी तेच काढून या जुन्या गाड्यांना बसवले. मडगार्ड उतरवून कॅलिफोर्नियातल्याच म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर पळवायच्या, पुढे मोठं इंजिन मिळालं की ते टाकायचं. अशा फेरफार केलेल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात, आणि हॉट रॉडचं ओरिजिनलपण ते हेच. ज्याला सळ्यांच्या ब्रेकचं प्रेम आहे त्याने तसली गाडी फ्रीवेवर घालून दाखवावी.

आता तुमचं. रंगाकडे बघूच नका, रंग कुणीही मारतो. रुमालात चुंबक गुंडाळून दारं आणि मागची बाजू तपासा. चिकटलं नाही तर फायबर. फायबर वाईट नाही, पण त्याला पत्र्याचे पैसे देऊ नका. ४२ हजार रास्त का, ते बरंचसं तिथेच कळेल. चिकटलं म्हणून जुनाच पत्रा असंही नाही, ३२ च्या बॉड्या आजही नव्या पत्र्यात बनतात. मग गाडीखाली आडवं व्हा. चासीच्या आडव्या पट्टीचं वेल्डिंग एकसलग हवं. चिमणीच्या शिटेसारखे ठिपके दिसले तर उठा आणि घरी जा. व्ही-एटचा मूळ नंबर १८ ने सुरू होतो, तो चासीवर आणि कागदावर एकच हवा. चासी नवी आणि कागद १९३२ चा असेल तर माझ्या मते फुकटसुद्धा नको.

हां, एक राहिलं. पुढेमागे भारतात न्यायचं मनात असेल तर विंटेज नोंदणी विसरा. २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडी ५० वर्षांहून जुनी तर हवीच, शिवाय चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल केलेला चालत नाही. तिथे मिस्टर जिंकले. पण त्या नियमात दादाची जीपही बसत नाही. हे मी त्याला फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाला रेंज नाही, आणि उसाच्या दरावर बोलायला लागला.