वाण एकच, मग मर आमच्याच शेतात का?

प्रश्न : बांधापलीकडच्या शेजाऱ्यांनी आणि आम्ही एकाच पिशवीतला मर-प्रतिकारक (झाड वाळवणाऱ्या मर रोगापुढे टिकणारा) हरभरा पेरला. त्यांचा उभा आहे, आमचा घाटे धरायच्या आत जागोजागी वाळला. बियाणे फसवे होते का?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : बियाण्याला दोष देण्याआधी सुकू लागलेले एक झाड मुळासकट उपटा आणि मूळ व खोडाचा सांधा चाकूने उभा चिरा. आतला भाग तपकिरी-काळपट दिसला आणि मुळे वरून शाबूत असली, तर ती फ्युजेरियम बुरशीची मर आहे. मुळे कोरडी होऊन कटकन मोडत असतील, तर ती मूळकूज असते आणि मरीला प्रतिकारक असलेला वाण तिच्यापुढे टिकेलच असे नाही.

मर असल्याची खात्री पटली, तरी ‘प्रतिकारक’ हा शब्द अर्धवट आहे, कारण ही बुरशी सगळीकडे एकसारखी नसते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेत हवारे आणि नेने या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये भारतातील तिच्या 4 रेस, म्हणजे वेगवेगळ्या वाणांना मारणारे उपप्रकार, वेगळ्या दाखवल्या. जगभरात मिळून अशा 8 रेस मानल्या जातात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सारख्याच दिसतात. त्या ओळखण्यासाठी ठरावीक वाणांचा संच बुरशीयुक्त मातीत लावून कोणता मरतो आणि कोणता तगतो हे पाहावे लागते. जेजी-62 हा वाण भारतातल्या चारही रेसना बळी पडतो, तर डब्ल्यूआर-315 बहुतेक रेसपुढे तग धरतो. बाकीचे वाण एका रेसपुढे टिकतात आणि दुसरीपुढे कोलमडतात. त्यामुळे बांधाच्या दोन बाजूंना बुरशीची रेस किंवा तिचे प्रमाण वेगळे असेल, तर एकाच पिशवीतल्या बियाण्याचे दोन निकाल लागणे अगदी शक्य आहे.

पिकांच्या फेरपालटाबाबत एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. ही बुरशी हरभऱ्याशिवायही जमिनीत 6 वर्षांपर्यंत जिवंत राहते. शिवाय तूर, मसूर आणि वाटाण्याच्या मुळांत ती कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकते, म्हणून हरभऱ्यानंतर तूर घेतली की बुरशीची उपासमार होत नाही. झाडे वाळलेल्या पट्ट्यात काही वर्षे ज्वारी किंवा गहू घ्या.

पुढे हरभरा घ्याल तेव्हा जिथे सर्वांत जास्त झाडे वाळली त्याच जागी आपल्या भागासाठी शिफारस केलेल्या चार-पाच वाणांची एकेक ओळ पेरा, प्रत्येक ओळीतली मेलेली झाडे दर आठवड्याला मोजून लिहून ठेवा आणि आजारी झाडांचा नमुना कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात द्या.