रिसेल फ्लॅटचं लाइट-गॅस नावावर करायच्या आधी एकदा मीटर रूममध्ये जाऊन या

तुम्ही विचारलंय की पुण्यात रिसेल फ्लॅट घेतलाय, पुढच्या आठवड्यात ताबा आहे, जुने मालक महिन्याभरात मुलाकडे परदेशात चाललेत, तर लाइट आणि गॅस नावावर कसं करायचं, आधी काय करायचं, आणि त्यांची जुनी थकबाकी निघाली तर ती तुमच्या डोक्यावर बसते का. आम्ही चार वर्षांपूर्वी नाशिकहून येऊन पुण्यातच रिसेल घेतला, या सगळ्यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळे फॉर्मपासून सुरुवात करायला सांगतात, पण माझं ऐका, आधी मीटर बघा. आमच्या फ्लॅटला आठ महिने कुलूप होतं तरी महिन्याला दीडशे-पावणेदोनशे युनिटचं बिल येत होतं, मालक म्हणायचे फ्रिज चालू राहिला असेल. ताब्याच्या दिवशी बघते तर फ्रिजचा प्लग काढलेला आणि दार उघडं राहावं म्हणून मध्ये चक्क दुमडलेला पेपर अडकवलेला. तेव्हाच शंका आली. घरातला मेन स्विच पाडला आणि खाली मीटर रूममध्ये गेले, जिन्याखाली एका बोर्डावर सोळा मीटर, प्रत्येकाखाली ऑइलपेंटने फ्लॅट नंबर लिहिलेला. आमच्या नंबरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता, सेकंदाला जवळजवळ दोनदा. मीटरवर 3200 इम्प/केडब्ल्यूएच असं छापलेलं होतं, म्हणजे तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं, आणि सेकंदाला दोनदा म्हणजे कुठेतरी दोन किलोवॅटचं काहीतरी चालू आहे. घरात तर मेन पाडलेला! वर जाऊन समोरच्या काकूंना विचारलं तर त्यांच्याकडे आंघोळीचं पाणी तापत होतं. त्यांनी गीझर बंद केला, मी नवऱ्याला फोनवर ठेवून परत खाली गेले, तर दिवा एकदम मंदावला, वीसेक सेकंदांनी एकदा, त्यांचा हॉलमधला पंखा तेवढा चालू होता.

म्हणजे बिल्डिंग बांधली तेव्हा कुणा वायरमनने दोन फ्लॅटच्या वायरी अदलाबदल करून टाकल्या होत्या आणि इतकी वर्षं दोन्ही घरं एकमेकांची बिलं भरत होती. दोन्हीकडे माणसं राहत होती तोवर आकडे साधारण सारखे यायचे, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि काकूंचं बिल त्यांचा मुलगा बाहेरगावाहून फोनवरूनच भरायचा. काकूंनी आणि आम्ही मिळून महावितरणकडे लेखी अर्ज दिला, सोबत दोन्ही बिलं आणि दोन्ही मीटरचे फोटो जोडले, माणसं येऊन टेस्ट करून वायरी सरळ करून गेली. आठ महिन्यांचा फरक काकूंनी स्वतःहून मालकांना दिला, त्यांच्या चांगुलपणाचं मला आजही कौतुक वाटतं. आधी नाव बदलून घेतलं असतं तर त्यांचा गीझर माझ्या नावावर चालला असता आणि तो हिशोब सोडवताना संबंध बिघडले असते ते वेगळंच.

तेव्हा तुम्ही पण मेन पाडून दिवा बघा, पाच मिनिटांचं काम आहे. दिवा लुकलुकतच राहिला तर स्वतः किंवा ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून काही उघडू नका, मीटरच्या सीलला हात लावणं हा गुन्हा आहे, अर्जच द्या. मग बिलावरचा मीटर नंबर आणि बोर्डावरच्या मीटरचा नंबर एकच आहे ना ते जुळवा, हल्ली ठिकठिकाणी मीटर बदलून नवीन बसवतायत त्यामुळे हे जास्तच गरजेचं झालंय. आणि ताब्याच्या दिवशी मालकांना सोबत घेऊन रीडिंगचा फोटो काढा, नंबर आणि आकडा एकाच फोटोत आला पाहिजे, तो लगेच दोघांच्या व्हॉट्सॲपवर टाका. बिल त्या तारखेपर्यंत त्यांचं, पुढचं तुमचं, विषय संपला.

आता बिल नीट वाचा. एक बघा थकबाकी. दुसरं म्हणजे रीडिंगच्या जागी काय लिहिलंय, कुलूपबंद घर असेल तर कधीकधी सरासरीने बिल येत राहतं आणि खरं रीडिंग घेतल्यावर एकदम मोठा आकडा येतो, तो तुमच्या पहिल्याच बिलात यायला नको. तिसरं मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज वापरायची परवानगी आहे ते, दोन एसी लावायचे असतील आणि भार जुनाच असेल तर वाढवून घ्या. चौथं सुरक्षा ठेव, ही मात्र व्यवहारात बोलून ठेवायची गोष्ट आहे कारण ती मालकांनी भरलेली असते. आमच्या मालकांनी ती तेवढी वेगळी मागितली आणि आम्ही दिली, रास्तच होतं. ठेवीचा नियम आता सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असा आहे, त्यामुळे तुमचा वापर जास्त झाला की वर्षाला अतिरिक्त ठेवीचं वेगळं बिल येईल, ते बघून घाबरू नका, ते पैसे तुमच्याच नावावर जमा राहतात आणि त्यावर व्याज मिळतं.

नाव बदलणं त्यामानाने सोपं आहे. महावितरणच्या साइटवर किंवा जवळच्या शाखा कार्यालयात अर्ज करायचा, 12 आकडी ग्राहक क्रमांक टाकायचा, इंडेक्स टू (खरेदीखत नोंदवल्यावर मिळतो तो उतारा), आधार-पॅन, भरलेलं शेवटचं बिल आणि मालकांचं संमतीपत्र जोडायचं. मालक परदेशी जाणारेत ना, मग संमतीपत्रावर आणि ठेव तुमच्या नावावर करायच्या कागदावर त्यांच्या सह्या ताब्याच्या दिवशीच घ्या, नंतर कुरियर आणि व्हिडिओ कॉल करत बसू नका. नाव बदलायला वेळ लागला तरी मोबाईल नंबर लगेच बदलून घ्या नाहीतर बिलाचा आणि लाइट कापायच्या नोटिशीचा मेसेज त्यांनाच जात राहील. आणि त्यांच्या बँकेत किंवा ॲपमध्ये ऑटो-पे लावलेला असेल तर तो बंद करायला सांगा. (दुसऱ्या कुणी मुंबईतलं वाचत असेल तर आधी कुठली कंपनी ते बघा, शहरात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण.)

गॅसचं तुमच्याकडे सिलेंडर आहे की पाइप ते तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून दोन्ही सांगते. सिलेंडर असेल आणि तुम्ही पुण्यातल्या पुण्यात घर बदलत असाल तर सिलेंडर-रेग्युलेटर तुमच्याकडेच राहतो, फक्त कनेक्शन नवीन एजन्सीकडे ट्रान्सफर करायचं. दुसऱ्या शहरातून येत असाल तर सिलेंडर, रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं आणि ते इकडे दाखवून परत डिपॉझिट भरून कनेक्शन घ्यायचं. इथे एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती, परत मिळतं ते तुमच्या जुन्या कागदावर छापलेलं डिपॉझिट आणि भरायचं ते आजच्या दराने. जून 2022 पासून 14.2 किलोच्या एका सिलेंडरचं डिपॉझिट 1450 चं 2200 झालं आणि रेग्युलेटरचं 150 चं 250, त्यामुळे कनेक्शन जुनं असेल तर खिशातून फरक घालायची तयारी ठेवा. आणि तो मूळ कागद, सबस्क्रिप्शन व्हाउचर, सामान बांधायच्या आधी शोधा, आमचा सासूबाईंच्या देवघरातल्या पोथ्यांच्या पिशवीत निघाला. नळी पण नवीनच घ्या, त्या नारिंगी सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षं असतं, जुनी किती वर्षांची आहे कुणाला आठवत नाही.

पाइप गॅस असेल तर वरच्यासारखंच, किचनमधल्या मीटरचा फोटो त्याच दिवशी, शेवटचं बिल मालकांनी भरायचं आणि नाव बदलायचा अर्ज इंडेक्स टू लावून. पाइपाची जागा बदलायची असेल, किचन नवीन करताना बहुतेक जण करतात, तर सुताराला किंवा प्लंबरला हात लावू देऊ नका, कंपनीचाच माणूस बोलवा.

आता थकबाकीचं. हो, येऊ शकते. सुप्रीम कोर्टाने मे 2023 मध्ये सांगितलंय की राज्याच्या नियमात तशी तरतूद असेल तर वीज कंपनी आधीच्या मालकाची थकबाकी नवीन मालकाकडे मागू शकते. आपल्या महाराष्ट्राच्या नियमात ती थकबाकी जागेवर बसते, पण विकत घेणाऱ्याकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच मागता येते, ही मर्यादा वारसाने घर आलं असेल तर मात्र लागू नाही. म्हणून शेवटचा चेक देण्याआधी ग्राहक क्रमांक टाकून बाकी शून्य दिसतेय याचा त्याच दिवशीचा स्क्रीनशॉट घ्या, आणि मालकांकडून दोन ओळी लिहून घ्या की ताब्याच्या तारखेपर्यंतचं लाइट आणि गॅसचं जे काही निघेल ते आम्ही भरू, खाली रीडिंगचा आकडा आणि दोघांच्या सह्या. आमच्या त्या कागदावर समोरच्या काकूंनी साक्षीदार म्हणून सही केली होती.