ऑपरेशन नीट झालं, मग वजन का थांबत नाही?

प्रश्न : ताई, माझा मुलगा 9 वर्षांचा आहे. मागच्या वर्षी डोकेदुखी आणि नजर कमी झाली म्हणून एमआरआय केला, तर पिट्युटरीजवळ (मेंदूच्या तळाशी असलेली हार्मोनची ग्रंथी) गाठ निघाली, क्रॅनिओफॅरिंजिओमा म्हणाले. कॅन्सर नाही कळल्यावर जीव भांड्यात पडला. ऑपरेशन झालं, गाठ गेली. पण त्यानंतर 11 महिन्यांत तो 26 किलोवरून 43 वर गेलाय. सारखं भूक भूक करतो. परवा रात्री दोनला उठून पाहिलं तर ओट्यापाशी उभा राहून कुकरमधला गार भात नुसता खात होता, डोळ्यात पाणी. मी डब्यांच्या कपाटाला कुलूप लावलं. सासूबाई म्हणतात तूच लाडावलंस. शाळेत मुलं ढोल्या म्हणतात. माझं काय चुकतंय?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलं नाही आणि त्याचंही नाही. हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवा, हवं तर दोनदा.

ही गाठ जिथे होते त्याला अगदी चिकटून हायपोथॅलॅमस असतो, म्हणजे भूक, तहान, झोप, शरीराचं तापमान सगळं सांभाळणारा मेंदूचा छोटासा भाग. एरवी आपलं पोट भरलं, अंगात चरबीचा साठा पुरेसा झाला की चरबीतूनच लेप्टिन नावाचा हार्मोन निरोप घेऊन तिथे जातो, की आता पुरे. गाठीमुळे किंवा ऑपरेशनमध्ये तो भाग दुखावला की निरोप येतो पण ऐकणारं कोणी नसतं, त्यामुळे 43 किलोचा मुलगाही आतून उपाशीच असतो. वर शरीर ऊर्जा कमी जाळतं आणि चरबी साठवायला लावणारं इन्सुलिन जास्त सुटतं, म्हणून तो त्याच्या मित्राइतक्याच दोन पोळ्या खाऊनही जाड होतो. ही गाठ झालेल्या साधारण निम्म्या मुलांना हा त्रास होतो, आणि वजन सगळ्यात झपाट्याने वाढतं ते पहिल्या सहा महिने-वर्षातच. हे आजचं नाही, 1901 साली व्हिएन्नात फ्रोलिश नावाच्या डॉक्टरांनी पिट्युटरीजवळ गाठ असलेल्या एका जाड मुलाची केस लिहून ठेवलीय. तरी अजून आयांनाच बोल लावला जातो याचं मला फार वाईट वाटतं.

आता कुलपाचं. कुलूप वाईट नाही, पण ते फक्त त्याच्यासाठी नको. घरातल्या सगळ्यांसाठी खाण्याच्या वेळा ठरवा, वेळापत्रक भिंतीवर लावा, मग त्याला माहीत असतं की साडेचारला मिळणार आहे, आणि मधल्या वेळची तगमग थोडी कमी होते. ताट ओट्यावरच वाढून द्या, पातेली समोर नकोत. फरसाण, बिस्किटं घरात आणूच नका, बाबांसाठी म्हणूनही नको. रात्री उरलेला भात फ्रिजमध्ये आत, झाकून. आणि तो खाताना सापडला तर ओरडू नका, जवळ घ्या, पाणी द्या, झोपवा.

अशा बऱ्याच मुलांना लघवी खूप होते आणि तहानही खूप लागते, त्यासाठी डेस्मोप्रेसिन चालू असेल. ती तहान पाण्यानेच भागवायची. मी अशी घरं पाहिलीत जिथे मूल दिवसाला लिटर-दोन लिटर सरबत पितं आणि सगळे भाताला दोष देत बसतात. पाणी मात्र मनाने तोडायचं नाही, ते डॉक्टर सांगतील तेवढंच.

हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी वजन वाढतं असं कोणीतरी सांगितलेलं असणारच. डोस गरजेपेक्षा जास्त असेल तर वाढतं, खरंय, म्हणून पुढच्या व्हिजिटला डोस पुन्हा हिशोबाने बघायला सांगा. पण स्वतःहून एक गोळीही कमी करू नका, त्याच्या शरीरात आता कॉर्टिसोल हा गरजेचा हार्मोन बनत नाही, या गोळ्या त्याच्याच जागी असतात आणि गोळी बंद झाली तर जीवावर बेततं. ताप आला की डोस उलट दुप्पट-तिप्पट करायचा असतो, उलट्या होत असतील तर इंजेक्शन लागतं. हे शाळेतही लिहून द्या.

आणि पीटीच्या सरांना एक सांगाच. या गाठीत डोळ्यांच्या नसा दाबल्या जातात, त्यामुळे मुलाला बाजूने येणारा बॉल दिसत नाही. तो खेळत नाही, कोपऱ्यात बसतो, तो आळस नसतो. त्याला चालणं, नाच, जागेवरची सायकल असं काहीतरी द्या ज्यात बॉल अंगावर येत नाही.

लक्ष कशावर ठेवायचं? रात्री घोरतो का, मध्येच श्वास अडकतो का. मानेवर काळपट जाडसर पट्टा आलाय का (आया तो साबणाने घासत बसतात, तो मळ नसतो, इन्सुलिन वाढल्याची खूण असते). लंगडतोय का किंवा गुडघा दुखतो म्हणतो का, कारण जाड मुलांमध्ये, त्यातून ग्रोथ हार्मोन चालू असेल तर, खुब्याचं हाड सरकू शकतं आणि दुखतं मात्र गुडघ्यात, अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाकी बीपी मोजून आणि साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हर हे रक्त तपासून नियमित बघायचं, कारण मोठ्यांचा मानला जाणारा डायबिटीस आणि फॅटी लिव्हर या मुलांना शाळेच्या वयातच गाठू शकतो.

औषधांचं विचाराल तर डायबिटीसची मेटफॉर्मिन गोळी, हल्लीची वजनाची इंजेक्शनं, काहींना उपयोग होतो, काहींना नाही. सेटमेलॅनोटाइड नावाच्या इंजेक्शनची चाचणी नेमकी याच प्रकारच्या लठ्ठपणात 120 जणांवर झाली, त्यात 4 वर्षांपासूनची मुलं होती, आणि वर्षभरात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) चांगला उतरला. म्हणजे रस्ता निघतोय. मुलांच्या एंडोक्राइन म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना विचारा, मेडिकलमधून आणून सुरू करू नका.

प्रश्न : माझ्या मुलीला 6 व्या वर्षी मेड्युलोब्लास्टोमा (लहान मेंदूतला कॅन्सर) झाला, ऑपरेशन, रेडिएशन, केमो सगळं झालं. आता 12 वर्षांची आहे. बीएमआय नॉर्मल आहे पण पोट सुटलंय, हातपाय काटकुळे. काळजी करायची का?
– एक बाबा, नागपूर

उत्तर : काळजी नाही, पण तपासणी नक्की, आणि तुम्ही बरोबर पाहिलंत. कॅनडात हॅमिल्टनला मेंदूच्या गाठीतून बऱ्या झालेल्या मुलांची इतर मुलांशी तुलना केली तर बीएमआय सारखाच निघाला, पण अंगातली चरबी, खास करून पोटाची, या मुलांत जास्त. बीएमआय चरबी आणि स्नायू वेगळे करत नाही. त्यात आपली मुलं मुळातच तशी, पुण्याच्या केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2003 मध्ये दाखवलं की आपली बाळं जन्मतः बारीक पण चरबीने भरलेली असतात. शिवाय मेंदूवर रेडिएशन झालं की ग्रोथ हार्मोन कमी पडतो आणि त्यानेही पोटावर चरबी साठते, थायरॉइडही कमी होतो.

घरी शिंप्याची टेप घ्या. कंबर मोजा, उंची मोजा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. मात्र मणक्यावरही रेडिएशन झालं असेल तर धड थोडं आखूड राहतं, त्यामुळे तिचा आकडा जरा जास्तच येईल, तो डॉक्टरांसोबतच बसून वाचा.

प्रश्न : नातीची मेंदूतली गाठ काढली, वजन वाढतंय. तिला एकादशीचे उपास करायला लावले तर चालेल का? आणि ज्येष्ठमधाचा काढा?
– आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, दोन्ही नको. तिच्यात कॉर्टिसोल कमी असेल तर उपाशी राहिल्यावर साखर एकदम खाली येते, आणि ज्येष्ठमध हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांच्या कामात ढवळाढवळ करतो, बीपी वाढवतो. संध्याकाळी तिचं बोट धरून देवळापर्यंत चालत जा, रोज. आणि प्रसादाचा पेढा तुम्हीही घेऊ नका, तिच्यासमोर तरी.