नागपुरात येत्या पावसाळ्यात कोहळ्याचे वेल लावायचे आहेत, तयारी कशी करू?

आळी मे महिन्यातच खणून टोपलंभर कुजलेलं शेणखत घाला. बी मात्र दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावरच टोबा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे आळं उंच वरंब्यावरच हवं. आमचे पहिल्या वर्षीचे वेल झडीत मुळापासून सडले, फार जीव तुटला. ओळींमध्ये ८-१० फूट अंतर ठेवा.

सुरुवातीला नुसती नर फुलं येऊन गळतात, घाबरू नका. मादी फुलाच्या देठाशी इवलंसं कोहळं दिसतं. मधमाश्या नसतील तर सकाळी लवकर नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलाच्या मधोमध हळूच टेकवा. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा (नर माश्यांना ओढून घेणाऱ्या वासाच्या आमिषाचा) सापळा लावाच.