परिचारिकाच लस टाळते तेव्हा

प्रश्न : माझी वहिनी पुण्यातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. रोज इतरांच्या बाळांना लस टोचणारी ती स्वतःच्या दहा महिन्यांच्या मुलीची गोवर-रुबेलाची लस मात्र पुढे ढकलत आहे. तिला आतले काही ठाऊक असेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आतले असे काही नाही. लसीकरण कक्षात काम करणाऱ्यांना बाळांचा ताप, सूज आणि रडणे सतत दिसते, लसीमुळे टळलेला गोवर मात्र कोणालाच दिसत नाही. शिवाय लस टोचण्याचे कौशल्य आणि तिच्यामागचे शास्त्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लसीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येईल अशी धास्ती असेल, तर ती पसरवणारा, अवघ्या १२ मुलांवर बेतलेला १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, हे वहिनींना सांगावे. पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत देतात, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी, पण लसीलाही अडवणारी प्रथिने) तोवर बरीचशी ओसरलेली असतात. दुसरी १६ ते २४ महिन्यांत. चारचौघांत जाब विचारू नका, भीती नेमकी कशाची, ते एकांतात विचारा. साध्या सर्दीसाठी लस थांबवण्याचे कारण नाही.